वसाहतीतली येळवस

माझी ट्रंक डोक्यावर घेऊन जो माणूस पुढं चालला होता, त्याच्यावर मी वाटभर खेकसत होते. नीट धरा, आत आरसा आहे, हे त्याला किती वेळा सुनावलं असेल कुणास ठाऊक. तो बिचारा दर वेळी "हाव बाई" म्हणायचा आणि ट्रंक आणखी घट्ट धरायचा. एसटीच्या फाट्यापासून वसाहत बरीच आत होती, ऊन मी म्हणत होतं, आणि मला माझ्या नेमणुकीचाच राग आलेला होता. तो कुणावर तरी निघायला हवा होता, तो त्याच्यावर निघाला. पोचल्यावर त्यानं ट्रंक अलगद उतरवली तेव्हा माझी नजर त्याच्या पायांवर गेली. डाव्या पायाचा अंगठा अर्धाच होता. मी विचारलं, इथले शिपाई कुठं आहेत आणि कैदी कुठं आहेत? तो म्हणाला, शिपाई जेवायला गेलेत आणि कैदी मीच हाय. कशाचा कैदी, विचारलं तर खाली बघून म्हणाला, खुनाचा.

मी खाली बसून ट्रंक उघडली. आरसा शाबूत होता.

मी मूळची मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या आज्यानं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, तेव्हापासून घरात एकच ध्यास, शिका. शेत आमच्याकडं कधीच नव्हतं. नोकरी हेच आमचं रान. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा निघाल्या, मी अर्ज टाकला आणि लागले. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवं नाव रंगवलं होतं, पण खालून जुन्या जिल्ह्याची अक्षरं अजून डोकावत होती. आईला वाटलं, पोरगी लातूर शहरात राहणार. नेमणूक निघाली निलंग्याच्या बाजूला, कैद्यांच्या वसाहतीतल्या शाळेवर. कैद्यांच्या पोरांना शिकवायला माझीच पोरगी सापडली का यांना, असं आई म्हणाली. मीही तेच म्हणत होते, फक्त जरा मोठ्यानं.

वसाहत म्हणजे सरकारी रान, एक विहीर, समोरासमोर पत्र्याची घरं. भिंत नाही. काट्यांचं कुंपण होतं, तेही रानडुकरांसाठी. मोठ्या तुरुंगात बरीच वर्षं काढलेले, चांगल्या चालीचे कैदी सुटायच्या आधी इथं आणून ठेवत. ज्याची बायकापोरं यायला तयार असतील, त्यांनाही आणायची मुभा होती. आत राहून माणूस माणसात राहायचं विसरतो, आणि विसरलेल्याला एकदम गावात सोडलं की त्याचंही वाटोळं आणि गावाचंही, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. साहेब म्हणजे वसाहतीचे अधिकारी. आवाज हळू, पण शब्दाचे पक्के.

चार-पाच घरांत मिळून एक चूल होती, आणि चुलीची पाळी पुरुषांची. घरात बायको असली तरी भाकरी पुरुषानंच थापायची. ज्या हातानं कुणाचा जीव घेतला, त्या हाताला दुसऱ्याला खाऊ घालायची सवय लागू दे, असं साहेब म्हणत. मला पहिल्यांदा हसूच आलं. मग संध्याकाळी मी आमच्या चुलीपाशी ताट घेऊन बसले. माझी ट्रंक वाहणारा तो माणूस, ज्याला सगळे आप्पा म्हणत, परातीपुढं बसून भाकरी थापत होता. भाकरी पार नव्या जिल्ह्याच्या नकाशासारखी, कुठं आत गेलेली, कुठं बाहेर आलेली. त्याच्या शेजारी आमच्यातलाच एकजण कालवण ढवळत होता. आप्पा शेतकरी घरातले, गावात चांगलं रान असलेले. गावाकडं आमच्या माणसाच्या हातचं त्यांनी खाल्लं असतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी ताट हातात घेऊन बघतच राहिले. त्यांनी पहिला घास त्याच कालवणात बुडवला आणि म्हणाले, आज तिखट कमी झालं रं. बस्स, एवढंच. माझ्या आईला लहानपणी वरून ओंजळीत पाणी ओतत असत. असं एका पातेल्यात सगळ्यांचा हात जाताना मी तोवर फक्त आमच्याच घरात पाहिलं होतं, आणि इथं ते खुनी माणसं करत होती. मी माझं ताट पुढं केलं.

त्या दिवसापासून मी त्यांना अहोजाहो करू लागले.

आप्पांनी स्वतःची गोष्ट मला स्वतःच सांगितली. गाव मुरुडच्या जवळ. चुलत भाऊ, यांच्याहून धाकटा. दोन घरं पण अंगण एकच. भांडण बांधाचं. बांध आधी कुणी कोरला, ते आता त्यांनाही सांगता येत नव्हतं. बाभळीच्या फांद्या तोडत होते, हातात कुऱ्हाड होती, शब्दाला शब्द वाढला.

"राग आला आन् हात चालला, बाई," ते म्हणाले. "राग तर निघून गेला. भाऊ बी गेला."

माझा राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. मी त्या दिवशी शाळेत कुणावर ओरडले नाही, तर पोरांना वाटलं बाई आजारी आहेत.

आप्पांची बायको म्हणजे काकू, माझ्या शेजारच्याच घरात. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि मला तेच हवं असायचं. ती सांगायची जुन्या घराबद्दल, धाकट्या जावेबद्दल. म्हणजे जो भाऊ मारला गेला त्याच्या बायकोबद्दल. दोघी एका जात्यावर दळायच्या. थोरल्या दिरापुढं धाकटीनं तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, अशी त्या घरातली रीत. धाकटी आप्पांपुढून गेली तर पदर हनुवटीपर्यंत ओढून. काही सांगायचं असलं तर ती काकूकडं बघून म्हणायची, "थोरल्या भावजींना सांगा, बैल सुटलाय." आप्पा हातभर अंतरावर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू आलेलं असायचं, तरी ते थांबायचे. काकूनं सांगितलं की मगच उठायचे. मी हसून म्हणाले, तोवर बैल शेजारच्या गावात पोचत असेल की. काकूही पोट धरून हसली. मग हसता हसताच तिनं पुढचं सांगितलं.

नवऱ्याच्या मढ्यावर हात ठेवून त्या धाकटीनं सगळ्या गावादेखत सांगितलं होतं की, या घरातल्या माणसाच्या हातचं पाणी मी आता मरेस्तोवर घेणार नाही. दोन्ही घरांचं पाणी तिथं तुटलं. काकू त्या अंगणात एकटी राहिली ती अशी, आणि म्हणूनच वसाहतीत यायची मुभा मिळताच गाठोडं बांधून निघून आली.

मी गेले त्या वर्षी साहेबांनी आप्पांचं नाव मुदतीच्या आधी सोडण्यासाठी वर पाठवलं होतं. वरून विचारणा झाली, गाव घेईल का आणि मेलेल्याच्या घरच्यांची हरकत आहे का. पोलीस पाटलानं सांगितलं, गावाचं काही नाही, पण त्या बाईनं हो म्हटलं पाहिजे. ती नाही म्हणाली तर सगळं संपलं. वसाहतीतली घरं मोजकी आणि यायला टपलेले पुष्कळ. ज्याची सुटका नाकारली, त्याला परत मोठ्या तुरुंगात जावं लागे, उरलेली सगळी वर्षं भिंतीआड काढायला. आप्पांना दमा होता. मळणीच्या भुशानंही त्यांची छाती वाजायची. काकू मला म्हणाली, आत गेले तर ते पायानं चालत माघारी येणार न्हाईत, बाई. मला तिला धीर देता येईना, कारण मलाही तेच वाटत होतं.

साहेब स्वतः त्या गावाला जाऊन आले. धाकटी दाराआडून बोलली. काय सांगायचं ते तुमच्या कचेरीत येऊन तुमच्या तोंडावर सांगीन, एवढंच म्हणाली. कधी येणार तेही सांगितलं नाही. हो म्हणायला कुणी इतक्या लांब येत नाही, हे साहेबांनाही कळत होतं. आप्पांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. आप्पा म्हणाले, तिचं बी खरंच हाय.

ते साल दुष्काळाचं. खरीप गेलं, रब्बीची ज्वारी वीतभर वर येऊन पिवळी पडली. गावोगावच्या विहिरींत तळाची माती दिसायला लागली होती. रोजगार हमीवर खडी फोडायला जाणारी माणसं सकाळ-संध्याकाळ आमच्या रस्त्यानं जायची. बायकांच्या कडेवर पोरं, डोक्यावर टोपलं. वसाहतीच्या विहिरीला तेवढा पाझर होता. तिच्यावर जमेल तेवढी ज्वारी कैद्यांनी जगवली होती, सगळ्या शिवारात हिरवं म्हणून तेवढंच.

अशात येळवस आली. आमच्या मुदखेडकडं हिचं इतकं प्रस्थ नाही, मला तिथं गेल्यावरच कळलं. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, पालेभाज्या आणि डाळींची भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे, असं सगळं शेतातच खायचं. आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून आंबील पाजायची. ओळखीचा असो नसो, त्या दिवशी शिवारातून कोरड्या तोंडानं कुणाला जाऊ द्यायचं नाही.

आसपासच्या एकाही गावात त्या साली कुणाचा जीव त्यात नव्हता. वसाहतीतले मात्र हटून बसले. पीक आपल्याकडं आहे तर येळवस आपणच करायची, म्हणाले. साहेबांनी होकार दिला. मला बोलावणं आलं तेव्हा मी आधीच स्पष्ट सांगितलं, मी पांडवांना हात जोडणार नाही, आमच्यात ते नाही. जेवायला मात्र येईन, आणि पोटभर जेवीन. आमच्या चुलीवरचे सगळे म्हणाले, बाई, तुम्ही नुसतं जेवा, तेवढंच लई झालं.

रस्त्यावर उभं राहून हाका मारायचं काम आप्पांनी मागून घेतलं. पण कैद्याच्या कपड्यातल्या माणसाच्या हाकेला बायाबापड्या थांबायच्या नाहीत, म्हणून साहेबांनी मला त्यांच्या जोडीला उभं केलं. आंबिलीची मोठी बिंदगी, म्हणजे मातीचा घडा, लिंबाखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, वर तांब्या उपडा घातला. आप्पांनी डोक्याला पांढरं मुंडासं बांधलं होतं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. सकाळपासून तोच तांब्या पुन्हा पुन्हा पुसत होते. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, काही न्हाई, गावाकडं हेच काम आमचंच असायचं. आमचं म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही.

खडीवर जाणारी माणसं यायला लागली. आप्पा हाक मारायचे, या, आंबील प्या. माणसं कपड्यांकडं बघायची, वाट सोडून पलीकडच्या कडेनं जायची. एका म्हाताऱ्यानं तर पोराला पाठीमागं ओढलं. मला इतका संताप आला की मी मोठ्यानं म्हणाले, विष नाही घातलेलं, मीही तेच प्याले आहे. त्यानं उलट माणसं आणखीनच घाबरली. आप्पा मला म्हणाले, बाई, तुम्ही रागावू नका, येळवशीला रागावू ने. आणि पुन्हा हाक मारायला लागले. तीच हाक, तोच आवाज. एकजण प्याला, मग त्याच्या मागचे दोघं. मग बायका थांबल्या. घडा अर्ध्यावर आला तेव्हा आप्पांच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

ऊन चढल्यावर रस्ता ओस पडला. तेव्हा फाट्याकडून एक बाई एकटीच चालत आली. हातात पिशवी, पायात वहाणा नाहीत, पदर पुढं ओढलेला. चालून दमलेली दिसत होती. आप्पांनी तिला लांबूनच हाक मारली, तांब्या भरला, ती जवळ येताच पुढं झाले आणि म्हणाले, "घ्या, माय. येळवस हाय."

ती थांबली. पदराखालून खाली बघत उभी राहिली. हात पुढं केला नाही, पण गेलीही नाही. इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, चक्कर येतेय की काय. आप्पा तांब्या धरून तसेच वाकून उभे होते. मग तिनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, पाठ फिरवली, पदराआड तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. तांब्या परत देताना एक शब्द बोलली नाही. माझ्याकडं वळून हातानंच विचारलं, कचेरी कुठं? मी तिला घेऊन निघाले.

कचेरीत साहेबांनी बसायला सांगितलं, कुठून आलात विचारलं. तिनं गावाचं नाव सांगितलं, ते आप्पांचंच गाव होतं. तीच होती. आप्पांची धाकटी भावजय. कानडी मुलखाच्या कडेपर्यंत दोन एसट्या बदलून नाही म्हणायला आलेली, आणि ज्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही म्हणून मढ्यावर हात ठेवला, त्याच्याच हातची आंबील नकळत प्यालेली.

साहेबांना आंबिलीचं काहीच माहीत नव्हतं. ते सांगत होते, मोकळेपणानं बोला, तुमचा शब्द तसाच वर जाईल. गप्प बसावं तर ही फसवणूक. उद्या गावात कळलं तर बाई म्हणेल, मला बाटवलं, कपट केलं. बोलावं तर आप्पा गेलेच म्हणायचे. काकूचं तोंड डोळ्यांपुढं आलं. आणि तरी माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, साहेब, यांना काही सांगायच्या आधी एक खरं सांगायला हवं. बाई, रस्त्यावर तुम्हाला ज्यांनी आंबील दिली ना, ते तेच होते. त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. बाईनं पदर थोडा मागं केला. तिचं तोंड तेव्हा पहिल्यांदा दिसलं, रापलेलं, शांत.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या घरात पदराखालनं मी दुसरं काय बघितलं? पायच बघितले की. अंगठा दिसला आन् मी उभी राहिले."

मग प्यालात कशा, असं मी विचारून बसले. साहेबांपुढं विचारायची ही गोष्ट नव्हती, पण मी विचारलं.

ती सावकाश सांगू लागली. नाही म्हणायलाच आले होते, म्हणाली. राग गेलेला नाही आणि मरेपर्यंत जायचा नाही. पण तिचा नवरा आणि हे, दोघं भाऊ येळवशीला गावच्या रस्त्यावर असेच तांब्या घेऊन उभे राहायचे, पैज लावून, कुणाच्या हाकेला जास्त माणसं थांबतात म्हणून. आज लांबून हाक ऐकली तेव्हाच तिला ते आठवलं. तांब्या पुढं आला तेव्हा तिला पुरतं कळत होतं, की हे प्यालं तर कचेरीत जाऊन नाही म्हणता येणार नाही. न पिता गेलं तर नाही म्हणायला मोकळी.

"तेवढा इचार कराया उभी होते," ती म्हणाली. "मग प्याले. येऊ द्या त्याला गावात. बांध तेवढा सरकारनं मोजून दगड रोवून द्यावा."

मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली, मोठी माणसं पाहिली, भाषणं ऐकली. त्या बाईपुढं मला जेवढं लहान वाटलं, तेवढं कधी कुणापुढं वाटलं नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणाली, परतीची एसटी चुकेल. काकूला भेटता का, विचारलं तर म्हणाली, गावातच भेटू. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. लिंबाखाली आप्पा अजून उभे होते, घडा तळाला लागलेला. त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. आम्हाला येताना बघून, वाटसरू बाई परत चाललीय असं समजून त्यांनी तांब्या उचलला.

तिनं पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि माझ्याकडं तोंड करून उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "थोरल्या भावजींना सांगा, आंबिलीत मीठ कमी पडलंय."

आवाज ऐकला मात्र, आप्पा होते तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. तांब्या तसाच हातात. माझ्याकडं बघत होते, मी कधी सांगते म्हणून. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी त्यांच्याकडं वळले आणि मोठ्यानं सांगितलं, की आप्पा, तुमची भावजय म्हणतेय, आंबिलीत मीठ कमी पडलंय.